नादकाट्यांची जोडी ध्वनिपेट्यांसकट: जरूर घ्या, फक्त सोबतच्या कागदावरचं चित्र मुलांना दाखवू नका

दोन महिने वापरतेय. ४४० हर्ट्झचे (म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं) दोन सारखे नादकाटे (ट्यूनिंग फोर्क, दोन भुजांचा धातूचा काटा, वाजवला की एकच सूर देतो), एका बाजूने उघड्या दोन लाकडी पेट्या, रबरी हातोडी आणि भुजेवर सरकवायचं एक छोटं वजन, एवढं येतं. मुलीला ध्वनीचा धडा होता म्हणून मागवलं, आता माझाच जीव जडलाय.

आधी नुसता काटा हातात धरून वाजवा, जेमतेम ऐकू येतो. दोन्ही भुजा एकदम बाहेर जातात नि एकदम आत येतात, एका बाजूला हवा दाबली जाते तेव्हाच दुसऱ्या बाजूला ती विरळ होते आणि बरंचसं एकमेकांत जिरून जातं. कानाजवळ काटा हळूहळू गोल फिरवला की एका फेरीत चार ठिकाणी आवाज जवळपास गायब होतो, हे नक्की करून बघा.

मग तोच काटा पेटीवर बसवा, खोली भरून जाते! मी पेटी आतून मोजली, साधारण १८ सेंटीमीटर. आता हिशोब बघा, २० अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्याला ४४० ने भागलं की एक लाट ७८ सेंटीमीटरची, तिचा चौथा हिस्सा साडेएकोणीस, आणि उघड्या तोंडाशी हवा पेटीच्या थोडी बाहेरपर्यंत हलते म्हणून लाकूड तेवढं आखूड ठेवलंय. न दिसणारी लाट कुणीतरी सुतारकामात मापून दिलीय, मला हे फार आवडलं. पेटीवर काटा लवकर शांत होतो तो दोष समजू नका, तीच ऊर्जा भराभर हवेत जाते म्हणून.

पेट्यांची तोंडं समोरासमोर ठेवून एक काटा वाजवायचा, दोन सेकंदांनी हाताने धरून बंद करायचा, तर दुसरा गात असतो. मध्ये फक्त हवा. एकावर वजन चढवलं की तो ४३८ च्या आसपास उतरतो, मग दोन्ही वाजवले की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो नि ओसरतो.

आता तक्रार. कागदावर नागमोडी रेघ काढून हवेचे कण तिच्यावरून वर-खाली जाताना दाखवलेत. साफ चूक! आवाज ज्या दिशेने जातो त्याच रेषेत हवा पुढे-मागे हलते, संपीडन (हवा दाटते) मग विरलन (विरळ होते) मग परत संपीडन, आणि ती नागमोडी रेघ म्हणजे दाबाचा आलेख, हवेचा रस्ता नव्हे. मुलीच्या डोक्यात तेच बसलं, काढायला अख्खी संध्याकाळ गेली, शेवटी लांब स्प्रिंग जमिनीवर ताणून एक टोक ढकललं तेव्हा पटलं तिला. आपण बोलतो तेव्हा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेही हलत नाहीत, पुढे जातो तो धक्का.

हातोडीचं रबर जरा कडक आहे, जोरात मारलं तर वरचा टिंग येतो, हलकेच मारा. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या चित्रापायी कापला.