हाऊसफुल्ल म्युझिकलचं ऐनवेळचं तिकीट: ब्रॉडवेवर काय चालतं, काय नाही

ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधला मोठ्या थिएटरांचा भाग. तिथल्या गाजत्या म्युझिकलचं, म्हणजे गाण्या-नाचाच्या नाटकाचं, तिकीट वेळेत काढलेलं नसेल तर पाच वाटा उरतात: ऑनलाइन लॉटरी, रश (त्याच दिवशी पहिल्या येणाऱ्याला स्वस्त तिकीट), टाइम्स स्क्वेअरमधलं टीकेटीएस हे सवलतीच्या तिकिटांचं केंद्र, थिएटरची स्वतःची खिडकी आणि पुनर्विक्री. काही महिने या पाचही वाटा वापरून झालेलं मत आधीच सांगून टाकते. बोलबाला लॉटरीचा असतो, पण हाऊसफुल्ल खेळाचं तिकीट हातात पडतं ते बहुतेक वेळा खिडकीवर. तेही एकट्यादुकट्याला. चौघांना शेजारी शेजारीच बसायचं असेल तर ऐनवेळचा नाद सोडावा.

लॉटरीत भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, नंबर लागला तरच भरायचे. दर साधारण 30 ते 60 डॉलरच्या दरम्यान असतो. ‘हॅमिल्टन’चा अपवाद, तिथे अजूनही 10 डॉलर; 10 डॉलरच्या नोटेवर अलेक्झांडर हॅमिल्टनच आहेत, म्हणून हा आकडा. लोक गोंधळतात ते कुठे नाव नोंदवायचं यात, कारण सगळ्या खेळांची मिळून एक लॉटरी नसते. थिएटर कोणाच्या मालकीचं आहे हे पाहिलं की निम्मा गोंधळ संपतो. शुबर्ट कंपनीची 17 थिएटरं आहेत, त्यांची तिकिटं आणि बऱ्याच सोडती टेलिचार्ज या संकेतस्थळावर. नेदरलँडर कंपनीची 9, त्यांच्या अनेक खेळांच्या सोडती ब्रॉडवे डायरेक्ट या संकेतस्थळावर. ‘हॅमिल्टन’ नेदरलँडरच्याच रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये चालतो, पण त्याची लॉटरी त्याच्या स्वतःच्या ॲपवर, आणि तीही आठवड्याची: शुक्रवारी सकाळी 10 ला नोंदणी सुरू, पुढच्या गुरुवारी दुपारी 12 ला बंद, त्यातून येत्या आठवड्याच्या प्रयोगांची सोडत. त्यामुळे मंगळवारी शहरात उतरून बुधवारच्या ‘हॅमिल्टन’साठी नाव घालू म्हटलं तर ती सोडत आधीच निघालेली असते. बाकी बहुतेक सोडती प्रयोगाच्या आदल्या दिवशी निघतात.

नंबर लागूनही तिकीट जातं ते मुदतीमुळे. काही ठिकाणी पैसे भरायला तासाभराचीच मुदत मिळते. ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा बाहेरच्या देशातल्या कार्डाचा ओटीपी रोमिंगवर आलाच नाही, की खेळ खल्लास. निकालाच्या वेळेचा गजर लावून ठेवा आणि ओटीपी न मागणारं कार्ड हाताशी असू द्या. दोघं जाणार असाल तर दोघांनीही आपापल्या नावाने दोन-दोन तिकिटांसाठी अर्ज करावा; एकाचा लागला तरी काम झालं. एकाच माणसाने दोन ईमेल वापरून भरलं तर मात्र अर्ज बाद होऊ शकतो, कारण तिकीट घेताना फोटो असलेलं ओळखपत्र तपासतात आणि नाव बदलून मिळत नाही. बुधवारच्या दुपारच्या प्रयोगाला गर्दी कमी, शनिवारी रात्री सगळ्यात जास्त. गाजत्या खेळाचा बेत फक्त लॉटरीवर आखू नये, एवढंच माझं म्हणणं.

लॉटरीला नशीब लागतं, रशला वेळेवर हजर राहणं. त्याच दिवसाची थोडी स्वस्त तिकिटं खिडकी उघडताच पहिल्या येणाऱ्याला देतात. सोमवार ते शनिवार खिडक्या बहुधा सकाळी 10 ला उघडतात, रविवारी दुपारी 12 ला. या प्रथेचं मूळ 1996 मध्ये आहे: नेदरलँडर थिएटरमध्ये ‘रेंट’च्या पहिल्या दोन रांगा त्या दिवशी येणाऱ्यांना 20 डॉलरला देत. त्यासाठी बाहेर लागणारी माणसांची रांग इतकी वाढली की पुढे चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि आजच्या लॉटऱ्या त्यातूनच आल्या. हल्ली अनेक खेळांचा रश टुडेटिक्सच्या ॲपवर असतो. तिथे आदल्या दिवशीच खातं उघडून कार्ड भरून ठेवा, रश आधी ‘अनलॉक’ करून ठेवा. ठरलेल्या मिनिटाला हे सगळं करायला बसलात तर तिकिटं गेलेली असतात. रशची जागा पुष्कळदा अगदी पुढची किंवा टोकाची असते. ‘पार्शियल व्ह्यू’ लिहिलं असेल तर रंगमंचाचा एक कोपरा दिसणार नाही हे धरून चाला. नाचाचा खेळ असेल तर पहिल्या रांगेपेक्षा वरच्या मजल्यावरची मधली खुर्ची बरी, कारण रंगमंच उंच असला की खालून नाचणाऱ्यांचे पायच दिसत नाहीत.

टीकेटीएस ब्रॉडवे आणि 47व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, लाल पायऱ्यांखाली आहे. टीडीएफ ही ना-नफा संस्था 1973 पासून ते चालवते. त्याच दिवसाची तिकिटं 20 ते 50 टक्के सवलतीत मिळतात. खिडकी उघडताना रांग सगळ्यात लांब असते, आणि इथेच बहुतेक पाहुणे दोन तास घालवतात. निर्माते मात्र न खपलेल्या जागा दिवसभर थोड्या थोड्या सोडत राहतात, त्यामुळे संध्याकाळी सहा-साडेसहानंतर रांगही आटते आणि कधी कधी जागाही बऱ्या मिळतात. त्या वेळी कोणत्या खेळांची तिकिटं आहेत हे दाखवणारा फलक टीकेटीएसच्या ॲपवर थेट दिसतो. तो पाहूनच निघा. म्युझिकल नसलेल्या नाटकांना वेगळी खिडकी असते, ती झरझर सरकते. टीकेटीएसची मर्यादा एकच, पण मोठी: जो खेळ रोज पूर्ण भरतो तो फलकावर येतच नाही. निर्मात्याने त्यावर सवलत द्यावीच कशाला?

म्हणून अशा खेळासाठी थिएटरची खिडकी. तिथे तीन प्रकारची तिकिटं ऐनवेळी निघतात आणि तिन्हींचा हिशेब वेगळा.

पहिली ‘हाऊस सीट्स’. निर्माते, कलाकार, दिग्दर्शक यांच्या पाहुण्यांसाठी प्रत्येक प्रयोगाच्या काही जागा राखून ठेवतात, आणि त्या तळमजल्यावरच्या, मध्यभागी, उत्तम असतात. कोणी मागितल्या नाहीत तर साधारण एक-दोन दिवस आधी त्या सर्वसाधारण विक्रीला येतात. दर पूर्ण, पण जागा अशी की महिनाभर आधीही मिळाली नसती. त्या अधिकृत संकेतस्थळावरही दिसतात, म्हणून आदल्या दिवशी सकाळपासून तिथला खुर्च्यांचा नकाशा अधूनमधून ताजा करत राहावा. शोधताना ‘1 तिकीट’ असंच टाका. दोन मागितली तर सुट्या जागा दाखवतच नाहीत.

दुसरी रद्द झालेली तिकिटं. काही थिएटरं प्रयोगाआधी त्यासाठी वेगळी रांग लावतात. सकाळी खिडकीवर ‘कॅन्सलेशन लाइन आहे का, कधी लागते’ एवढं विचारून ठेवायचं. यातली खरी मेख म्हणजे स्टार रजेवर असलेला दिवस. ज्याचं नाव खेळाच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो कलाकार त्या दिवशी नसेल, तर प्रेक्षकांना पैसे परत किंवा तारीख बदलून मिळते. एरवी दाद न देणाऱ्या खेळाच्या बऱ्याच जागा अशा दिवशी मोकळ्या होतात. बदली कलाकार तयारीचे असतात. गाणं ऐकायला जाणाऱ्याने हा दिवस सोडू नये. मोठा हिमवर्षाव झाला आणि प्रयोग चालू असला, तरी उपनगरांतले प्रेक्षक पोचू शकत नाहीत. तेव्हाही खिडकीवर जाऊन पाहण्यात अर्थ असतो.

तिसरी उभ्याची तिकिटं. खेळ पूर्ण विकला गेला तरच ती निघतात, आणि सगळीच थिएटरं देत नाहीत. तळमजल्याच्या शेवटच्या रांगेमागे कठड्याला टेकून उभं राहायचं, जागेला नंबर असतो. दृश्य चांगलं दिसतं, पण बहुतेक म्युझिकल मध्यंतरासकट अडीच तासांचं असतं. बूट त्या हिशेबाने घाला.

खिडकीचा आणखी एक फायदा: ऑनलाइन दर तिकिटामागे लागणारं सेवाशुल्क इथे लागत नाही. दोघांच्या तिकिटांत वाचणारी रक्कम साध्या जेवणाइतकी होते.

पुनर्विक्रीला मी शेवटी ठेवते. न विकलेल्या तिकिटाची किंमत पडदा उघडल्यावर शून्य होते, म्हणून शेवटच्या तीन-चार तासांत विकणारे दर उतरवतात. पण हा नियम मधल्या फळीच्या खेळांना लागू. अगदी गाजत्या खेळाचे, विशेषतः शनिवारचे आणि नाताळच्या आठवड्यातले दर उतरतीलच असं नाही. 2022 पासून न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने सगळे आकार धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, तेव्हा तुलना तीच करा. तिकीट फोनवर हस्तांतरित व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून पडद्याआधी किमान तासभर व्यवहार उरकायचा. बारकोड दर थोड्या वेळाने बदलणारी तिकिटं असतात, त्यांचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. टाइम्स स्क्वेअरमध्ये कोणी छापील कागद हातात देऊ लागला तर पुढे चालू पडावं.

प्रयोगाची वेळही तिकिटावरच वाचा. संध्याकाळचा खेळ कुठे 7 ला, कुठे 8 ला. रविवारचा दुपारचा बहुधा 3 ला, आणि सोमवारी बरीच थिएटरं बंद. शिवाय सगळी थिएटरं टाइम्स स्क्वेअरला खेटून नाहीत: लिंकन सेंटरमधलं व्हिव्हियन बोमाँट 65व्या रस्त्यावर आहे, आणि टीकेटीएसच्या खिडकीपासून तिथपर्यंत चालत सहज पंचवीस मिनिटं लागतात. उशीर झाला तर योग्य जागी खंड पडेपर्यंत आत सोडत नाहीत.