पिअर सपोर्टसाठी इथं जावाच, पण त्या माणसाला पगार मिळाला पाहिजे (4 स्टार)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या मानसिक आरोग्य केंद्रात आम्ही दादाला घेऊन 8 महिने झाले येतोय, त्याला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी लई चढतो, कधी लई पडतो असा आजार. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीला गर्दी लई, नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि आत गेलं की 5 मिनिटात बाहेर. मला लिहायचंय ते इथल्या पिअर सपोर्टबद्दल. म्हणजे स्वतः या आजारातून गेलेला, नंतर ट्रेनिंग घेतलेला माणूस पेशंटसोबत बसतो. इथं असे एक सर आहेत.

दादानं लिथियमची, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी गोळी गुपचूप बंद केलेली. आई रडली, मी भांडलो, काय उपयोग झाला नाही. सरांनी चहा मागवला आणि स्वतःचा कप अर्धाच भरून घेतला, म्हणाले या गोळीनं माझा पण हात हलतो, अर्धा घेतला की सांडत नाही. दादा त्यांच्या हाताकडं बघतच बसला आणि मग सांगायला लागला, की दुकानात सुट्टे देताना हात थरथरतो, गिऱ्हाईकाला वाटतं हा पिऊन आलाय, म्हणून गोळी सोडली. एका घरात राहून आम्हाला हे माहीत नव्हतं!

गोळी कमी कर, जास्त कर असलं सर काही सांगत नाहीत, ते डॉक्टरांचं काम असं स्पष्ट बोलतात. फक्त डॉक्टरांना काय विचारायचं ते दादालाच वहीत लिहायला लावलं. पुढच्या वेळी दादानं वही उघडून विचारलं, रक्तातली लिथियमची लेव्हल बघितली, डोस बदलला, आता गोळी चालू आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला बरा असतानाच लिहून ठेवता येतं, की पुढं त्रास वाढला तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत आणि त्याच्या वतीनं कोण बोलणार, हे पण सरांकडूनच कळलं, त्यांनी स्वतःचं लिहून ठेवलंय. दादानं माझं नाव दिलं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मला बोलता आलं नाही.

आता दादा म्हणतोय मला पण हेच काम करायचंय. म्हणून चौकशी केली तर कळलं सर गारगोटीहून एसटीनं येतात आणि हातात फक्त तिकिटाचे पैसे पडतात. ऑफिसात म्हणतात ही समाजसेवा आहे. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात ही पगारी पोस्ट आहे, आणि आपल्याच कायद्यात राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार भोगलेल्यांसाठी 2 जागा ठेवल्यात, मग इथं अनुभवाला किंमत का नाही? मीटिंगला सरांना बोलवतात, पण ओपीडीची वेळ बदलताना विचारलं नाही, आता लांबच्या खेड्यातल्या लोकांची परतीची एसटी चुकते. एक स्टार याच्यासाठी कापलाय. तसं पत्र पण ऑफिसात दिलंय, आम्ही 6 घरच्यांनी सह्या करून.

सर मंगळवार-शुक्रवार 11 ते 2 असतात, फोन करून जावा. पहिल्यांदा पेशंटला एकट्यालाच आत बसू द्या, आपण बाहेर थांबायचं.