नोटपॅड प्लस प्लस : बिघडलेल्या स्टाड फाइलीसाठी पहिलं औषध

एमआयडीसीतल्या स्टील शेडची डिझाइन्स करतो. मॉडेलं बऱ्याचदा दुसऱ्या ऑफिसातून येतात आणि त्यांतली एखादी स्टाडमध्ये, म्हणजे सांगाड्यावरच्या भाराचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रन होत नाही. पोरं लगेच मॉडेल नव्यानं काढायला बसतात. मी आधी ती फाइल नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायला लावतो.

स्टाडची एसटीडी फाइल म्हणजे साधा मजकूर. वर 'स्टाड स्पेस', मग जॉइंट, मेंबर, सपोर्ट, लोड आणि शेवटी 'फिनिश'. त्यामुळे दोष डोळ्यांनी शोधता येतो. रन अडलं की एएनएल फाइल, म्हणजे स्टाडनं लिहिलेला निकाल, बघा. ज्या ओळीवर गाडी अडली तिच्याखालीच एरर छापलेली असते.

मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका गॅन्ट्रीच्या फाइलीत लोडची ओळ होती, '१०१ टू ११८ युनी जीवाय' (त्या मेंबरवर उभ्या दिशेत सारखा पसरलेला भार) आणि पुढे उणे १२.५. दिसायला अगदी बरोबर. पण कुणीतरी ती ओळ वर्डमधून चिकटवली होती, आणि वर्डनं उण्याच्या चिन्हाच्या जागी लांब डॅश टाकला होता. स्टाडला तो उणे म्हणून कळत नाही. सर्च मेनूत 'फाइंड कॅरॅक्टर्स इन रेंज' आहे, त्यात नॉन-आस्की (साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांबाहेरची चिन्हं) निवडलं की कर्सर थेट त्या डॅशवर जाऊन थांबतो. साध्या नोटपॅडमध्ये ही सोय नाही, आणि माझ्या मते एवढ्यासाठीच हे घ्यावं.

दुसरा नेहमीचा घोळ मेलच्या मजकुरात चिकटवलेल्या फाइलींचा. लांब ओळी मध्येच तुटतात. स्टाडमध्ये ओळ पुढे चालू ठेवायची तर शेवटी जागा सोडून हायफन लागतो. तो नसला की उरलेले आकडे त्याला वेगळी कमांड वाटतात. 'शो ऑल कॅरॅक्टर्स' चालू केलं की ओळ नेमकी कुठे तुटली ते दिसतं. जुन्या आवृत्त्यांना एका ओळीत ७९ अक्षरांचीच मुभा होती, म्हणून मी ७९ वर उभी रेघ लावून ठेवली आहे. जुनी चालणारी फाइल असेल तर कंपेअर प्लगइननं दोन्ही शेजारी ठेवून बघा, फरक लगेच समोर येतो.

मर्यादाही आहेत. सेव्ह होत असताना लाइट गेली आणि फाइलभर नुसत्या काळ्या 'नल'च्या चौकटी दिसल्या, तर मजकूर उरलेलाच नाही, बॅकअप शोधा. ईटॅब्स या इमारतींच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची ईडीबी ही मॉडेल फाइल बायनरी असते, म्हणजे साधा मजकूर नसते, इथे उघडून काही हाती लागत नाही. त्या वेळी शेजारची डॉलर-ईटी फाइल (त्याच मॉडेलची मजकूर प्रत) ईटॅब्समध्येच इम्पोर्ट करायची. मॉडेल परत मिळतं, अ‍ॅनालिसिस मात्र पुन्हा चालवावं लागतं.

स्टाडच्या कमांड नोटपॅड प्लस प्लस आपणहून रंगवत नाही, ती भाषा स्वतः भरावी लागते. त्यात एक दुपार जाते. पण पूर्ण फुकट आहे, जुन्या मशीनवरही हलकं चालतं. बसवल्यावर प्रेफरन्सेसमध्ये 'बॅकअप ऑन सेव्ह' आधी चालू करा आणि दुरुस्ती मूळ फाइलीत न करता कॉपीवर करा.