ट्रीलेस खोगीर की ट्रीचं: घोड्याची पाठ बघून ठरवा

मारवाडी घोडा किंवा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतला की पहिली अडचण खोगिराची येते. आपल्याकडे घोड्याच्या पाठीचं माप घेऊन खोगीर बसवून देणारा माणूस सहजी सापडत नाही. तयार आणलेलं खोगीर खांद्यात रुततं. मग कुणीतरी सांगतं, "ट्रीलेस घ्या, ते कुठल्याही पाठीवर बसतं." एवढ्यावर खरेदी करणार असाल तर जरा थांबा. काही घोड्यांसाठी ट्रीलेस उत्तमच आहे, पण ते सगळ्यांना बसत नाही.

ट्री म्हणजे खोगिराच्या आतला लाकडाचा, फायबरचा किंवा प्लास्टिकचा सांगाडा. तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर टेकतो, मधे कण्याला मोकळी वाट ठेवतो आणि स्वाराचं वजन सगळ्या लांबीवर वाटून देतो. ट्रीलेसमध्ये हा सांगाडा नसतो. चामडं किंवा सिंथेटिक कापड, फोम आणि आकार टिकावा म्हणून पुढेमागे थोडा कडक भाग, एवढंच. त्यातही प्रकार आहेत. बेअरफूट कंपनीच्या खोगिरांत पुढची कमान बदलता येते, फ्रीफॉर्म कंपनीच्या खोगिरांत बैठक पुढेमागे सरकवता येते, तर काही स्वस्त खोगिरं नुसतीच जाड गादी असतात. 'ट्रीलेस' या एका नावाखाली हे सगळं विकलं जातं, म्हणून दुसऱ्याचा अनुभव ऐकताना त्याच्याकडे कोणतं मॉडेल आहे ते आधी विचारा.

जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतल्या स्वारांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते: ट्रीलेस घातल्यावर घोडा मोकळा चालायला लागला. पाऊल लांब पडतं, तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडणारा घोडा शांत उभा राहतो. मला हे पटतं. पण बऱ्याचदा त्याचं कारण आधीचं ट्रीचं खोगीर अरुंद होतं, हे असतं. चिमटा सुटला की बरं वाटणारच. खरी तुलना नीट बसणाऱ्या ट्रीच्या खोगिराशी करायला हवी. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ८ घोड्यांवर, बसून केलेल्या दुडकीत, दोन्ही प्रकारांखालचा दाब मोजून प्रसिद्ध केला. ट्रीच्या खोगिराखाली भार मोठ्या भागावर पसरला होता. ट्रीलेसखाली तो स्वाराच्या बैठकीच्या हाडांखाली एकवटला आणि सर्वांत जास्त दाबही तिथेच निघाला. एका अभ्यासावरून सगळ्या मॉडेलांचा निकाल लागत नाही, पण 'सांगाडा नाही म्हणजे पाठीला आराम' हे गृहीत धरता येत नाही, इतकं त्यातून कळतं.

सगळ्यात जास्त लक्ष रिकिबींकडे द्या. ट्रीच्या खोगिरात रिकिबी सांगाड्याला अडकवलेल्या असतात, त्यामुळे तुम्ही उभे राहिलात तरी भार पसरतो. अनेक ट्रीलेस खोगिरांत मात्र रिकिबीचा पट्टा पाठीवरून आडवा जातो. चढणीला, उड्या मारताना किंवा लांब दुडकीत रिकिबीत उभं राहिलं की तोच पट्टा एका रेषेत कण्यावर दाबतो. चांगले बनवणारे हा ओढा रुंद भागावर वाटून देतात. विकत घेताना खोगीर उलटं करा, पट्टा कुठून कुठे जातो ते पाहा. विक्रेता ते समजावून सांगू शकला नाही तर घेऊ नका. कानपूर हे खोगिरं बनवण्याचं आपल्या देशातलं मोठं केंद्र आहे, तिथे ट्रीलेसही बनतात. तिथला माल घेतानाही हीच तपासणी करा.

आता घोडा. पाठ गोल, रुंद आणि मांसल असेल, किंवा घोडा तरुण असून दर काही महिन्यांनी अंग भरत असेल, तर ट्रीलेसचा फायदा खरा आहे. अशा पाठीला ट्रीचं माप सतत चुकत राहतं. उलट विदर्स (मान संपते तिथला खांद्यांमधला उंचवटा) उंच आणि कणा वर आलेला असेल, आणि कितीतरी मारवाडी व थरोब्रेड तसेच असतात, तर मऊ खोगीर खाली बसतं आणि थेट हाडावर टेकतं. अशा घोड्याला कमान बदलता येणारं ट्रीचं खोगीर जास्त सुरक्षित, असं माझं ठाम मत आहे.

स्वाराचाही विचार करा. तोल पक्का आणि वजन कमी असेल तर ट्रीलेसमध्ये घोड्याच्या पाठीची प्रत्येक हालचाल जाणवते, आणि त्या आनंदासाठीच पुष्कळ जण ते सोडत नाहीत. शिकाऊ स्वार एका बाजूला कलतो आणि खोगीर त्याच्यासोबत कलतं. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढलात तर ते फिरतं, म्हणून चढायला ठोकळा लागतोच. खोगीर फिरू नये म्हणून तंग करकचून आवळणं हा उपाय नव्हे. अरुंद बैठकीची सवय असलेल्यांना मांड्या फाकल्यासारख्या वाटतात, खुबे दुखतात. वजन जास्त असेल तर बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पाळा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, हा ढोबळ नियम दोन्ही खोगिरांना लागू आहे: ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो.

किमतीत पॅडही धरा. ट्रीलेसखाली साधा नमदा चालत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या घालून मधे वाट मोकळी ठेवणारं खास पॅड लागतं, आणि ते फोम दबलं की बदलावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जाड पॅडखाली घोडा फार घामेजतो. ट्रीच्या खोगिराला असा चालू खर्च कमी, पण घोड्याचं अंग बदललं की भरण नीट करून घ्यावं लागतं.

परत घेण्याच्या अटीशिवाय दोन्हींपैकी काहीही विकत घेऊ नका. आधी नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळाइतकी रपेट करा. उतरल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. कण्यावरची पट्टी कोरडी आणि दोन्ही बाजू सारख्या ओल्या हव्यात. ओल्या भागात मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय असं समजा. मग कण्यालगतच्या स्नायूंवरून बोटं दाबत मागे जा. घोडा पाठ खाली टाकत असेल तर ते खोगीर परत करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाबून पाहा, कारण सूज कधी कधी रात्र गेल्यावरच वर येते.