नायगारा, व्हिक्टोरिया की इग्वासू?

तिन्ही धबधबे दोन देशांच्या सीमेवर आहेत. त्यामुळे कोणता धबधबा पाहायचा, याइतकंच कोणत्या काठावरून आणि कोणत्या महिन्यात पाहायचा, हे आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात सोपा नायगारा. शहर थेट कड्याला येऊन भिडलंय, पायपीट जवळजवळ नाहीच. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर फार विचार करू नका, इथेच जा. समोरून पूर्ण दृश्य हवं तर कॅनडाचा काठ. अमेरिकेच्या बाजूने पाण्याच्या अगदी जवळ जाता येतं, पण धबधबा तिरका दिसतो. उंची मात्र बेताची, हॉर्सशू फॉल्स जेमतेम 57 मीटर. शिवाय वरच्या अंगाला बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात. 1950च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान 2,832 घनमीटर पाणी कड्यावरून सोडावं लागतं. रात्री उशिरा आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं सोडलं तरी चालतं. रंगीत दिव्यांतला मध्यरात्रीचा नायगारा पाहून भारावलेल्यांना हे न सांगितलेलंच बरं!

व्हिक्टोरिया 108 मीटर उंच आणि 1,708 मीटर रुंद. झांबेझी नदी एका अरुंद घळीत कोसळते आणि आपण घळीच्या पलीकडच्या कड्यावर, पाण्याच्या अगदी समोर उभे असतो. इथे महिना चुकला की फजिती ठरलेली. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वाधिक, पण तुषार इतके उसळतात की समोर नुसती पांढरी भिंत दिसते आणि माणूस नखशिखांत भिजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा काळा खडकच उरतो. तेव्हा झिम्बाब्वेचा काठ धरावा, तिथे बारा महिने पाणी असतं. पाणी ओसरल्यावर झांबियाच्या बाजूने, वाटाड्याबरोबर, थेट कड्यावरच्या 'डेव्हिल्स पूल' नावाच्या डोहात उतरता येतं. पोटात गोळा येणाऱ्यांनी लांबूनच पाहावं. कमीजास्त पाण्याच्या या भानगडीत पडायचं नसेल तर जून-जुलै गाठा.

माझं मत विचाराल तर इग्वासू. हा एक धबधबा नव्हेच, जवळपास 2.7 किलोमीटरच्या कड्यावर पावणेतीनशेच्या आसपास धारा आहेत, पाण्यानुसार कमीजास्त होणाऱ्या. त्यातल्या बहुतेक अर्जेंटिनाच्या हद्दीत, पण त्यांचं एकत्रित दृश्य दिसतं ब्राझीलमधून. ब्राझीलला अर्धा दिवस पुरतो, अर्जेंटिनाला पूर्ण द्यावा. आधी ब्राझील करा, मग अर्जेंटिना. उलट केलंत तर ब्राझीलची बाजू फिकी वाटेल.

अर्जेंटिनात छोट्या रेल्वेने शेवटच्या स्थानकावर उतरलं की नदीवरून सुमारे एक किलोमीटरची पायवाट आहे. खाली गढूळ, संथ पाणी, मधूनमधून झाडीची बेटं. पुढे काही घडणार आहे असं वाटतही नाही. मग आवाज वाढत जातो आणि कठड्याशी पोहोचताच तीच संथ नदी पायांखालून सुमारे 80 मीटर खाली जाते. 'गार्गांता देल दियाब्लो' म्हणतात ती हीच जागा. उरलेल्या दोन धबधब्यांत मला याच्या तोडीचं काही दिसत नाही.

त्रासही आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी उकाडा आणि गर्दी दोन्ही असतात. नदीला पूर आला की हीच पायवाट बंद होते. ऑक्टोबर 2022च्या पुरात तिची बरीच मोडतोड झाली होती. म्हणून ती चालू आहे का, हे निघण्याआधी बघा. आणि खाऊची पिशवी हातात मिरवू नका. कोआती नावाचे लांब शेपटीचे प्राणी ती बेधडक हिसकावतात, आणि चावतातही.