ड्रॉपलेट चिप आणि सिरिंज पंप : आठ महिने वापरल्यावर

तेलात पाण्याचे एकसारखे बारीक थेंब पाडणारी चिप आणि मोटरनं सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून तिला पाणी पुरवणारा पंप, हे दोन्ही मी वापरतोय. सुरुवातीला पंपाचं मी खूप कौतुक केलं होतं, त्यातलं निम्मं मागे घेतोय. चिपला नावं ठेवली होती, ती मात्र सगळीच मागे.

सेटअप नेहमीचाच: लॅबमध्येच ओतलेली पीडीएमएसची (एक पारदर्शक सिलिकॉन रबर) फ्लो-फोकसिंग चिप, म्हणजे जिच्यात दोन्ही बाजूंनी येणारं तेल पाण्याची धार दाबून थेंब तोडतं, ४० मायक्रॉनचं नॉझल, थ्रीएमचं एचएफई-७५०० हे फ्लोरिनयुक्त तेल, त्यात थेंब एकमेकांत मिसळू न देणारं फ्लोरोसर्फॅक्टंट. थेंब हवेत ६० मायक्रॉनचे, डिजिटल पीसीआरसाठी, म्हणजे नमुना हजारो थेंबांत वाटून त्यातला डीएनए मोजायला. तिथला सगळा हिशोबच प्रत्येक थेंबाचं घनफळ सारखं धरून चालतो. व्यासात ५ टक्के फरक पडला तर घनफळात जवळजवळ १६ टक्के पडतो, म्हणून माझा एवढा हट्ट.

तिसऱ्या महिन्यात थेंब लहान-मोठे यायला लागले. संशय चिपवर गेला. प्लाझ्मा देऊन काचेवर चिकटवली की पीडीएमएसला पाणी धरतं, मग थेंब भिंतीला चिकटतात आणि नीट तुटत नाहीत. हे खरंच होतं. म्हणून फ्लोरोसिलेन, म्हणजे भिंतींना पाणी धरू न देणारा लेप, पुन्हा फिरवलं, चिपा रात्रभर ओव्हनमध्ये ठेवल्या. अकरा चिपा टाकून दिल्या. त्यापेक्षा तेल वाया गेलं याचं दुःख जास्त. थ्रीएमनं २०२५ अखेर पीएफएएसचं (या तेलासारख्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं) उत्पादन थांबवायचं ठरवल्यापासून मी त्या बाटलीला हात आखडता घेऊनच हात लावतो.

मग पंपाच्या सर्व्हिसवाल्यांना बोलावलं. इंजिनिअरनं तासभर पाणी ढकलून काट्यावर तोललं. चूक १ टक्क्याच्या आत. ‘पंप ओके, चिप बघा’ असं लिहून व्हिजिट चार्ज लावून गेला. मी चिडून दोन मेल पाठवले.

त्याच संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली नॉझलकडे नुसता बघत बसलो. पाण्याची जीभ पुढे यायची, आखडायची, परत पुढे यायची. मोबाइलवर वेळ लावली, दर सहा सेकंदांनी तेच. चिपमध्ये असं घड्याळ कुठून येणार? ही तर मोटरची स्टेप!

पाण्यासाठी मी २० मिलीची सिरिंज लावली होती, पुन्हा पुन्हा भरायला नको म्हणून. तिचा आतला व्यास साधारण २० मिमी. ताशी २०० मायक्रोलिटर दरानं दट्ट्या तासाला जेमतेम ०.६ मिमी सरकतो. एवढ्या मंद चालीत मोटर ढकलते, थांबते, ढकलते. सेकंदाला पाचशेच्या आसपास थेंब पडतात, म्हणजे एका हिसक्यात तीन हजार थेंब बिघडतात. तासाची सरासरी मात्र चोख. इंजिनिअर खोटं बोलत नव्हता, त्यानं चुकीची गोष्ट मोजली.

१ मिलीची काचेची सिरिंज लावली. तोच दर, पण दट्ट्या तासाला ११ मिमीच्या वर चालतो. हिसके सेकंदाला तीन, आणि तेवढे मऊ नळी पचवते. काचेची अशासाठी की प्लास्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या अडखळतो. आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका, तो स्प्रिंगसारखा दबतो. दर बदललात की दहा मिनिटं थांबा, त्याआधीचे थेंब गोळा करू नका.

त्याच जुन्या चिपवर व्यासातला फरक आता २ टक्क्यांच्या आत आहे. तेल पाण्यापेक्षा जड, त्यामुळे थेंब वर येऊन दुधासारखी पांढरी साय धरतात. त्यातला चमचाभरही नाही, पिपेटच्या टोकाएवढा भाग स्लाइडवर टाकला तर मधमाशांच्या पोळ्यासारखी रांग लागते, मध्ये एकही खाडा नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पंप विकताना कोणत्या सिरिंजला किमान किती दर चालतो, एवढा एक तक्ता दिला असता तर माझे दोन महिने वाचले असते. व्हिजिट चार्ज परत मागितलाय, अजून उत्तर नाही.