कोर्टाजवळचं एग्रीमेंटचं दुकान: तीन तारे, तेही खुर्ची दिली म्हणून

इंदूरच्या जिल्हा कोर्टाच्या आसपास रेंट एग्रीमेंट करून देणारी दुकानं खंडीभर आहेत. त्यातल्या एकात मागच्या महिन्यात गेले होते. नाव लिहीत नाही, सगळी एकाच माळेचे मणी. टायपिंग, नोटरी आणि पोलिसांत किरायेदाराची माहिती, सगळं मिळून सोळाशे, ई-स्टँपचे वेगळे. पाऊण तासात कागद हातात आला आणि बसायला खुर्ची मिळाली, हे आधी कबूल करते.

आमचं घर राजेंद्र नगरात, वरच्या दोन खोल्या किरायानं देते. यावेळी बुऱ्हाणपूरचं जोडपं आलंय, दोघंही नोकरीवाली. आम्ही तिघं दुकानात पोचलो तर कॉम्प्युटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "आंटीजी, नया कानून आ गया. दो महीने से ज्यादा डिपॉझिट लिया तो फँस जाओगी." नव्या कायद्याची कलमं घालायचे तीनशे जास्त. मी विचारलं, कुठला कायदा, मध्यप्रदेशच्या राजपत्रात कधी आला? तर मोबाईलवर फिरून फिरून आलेला मेसेज पुढे केला.

मी एवढं खोदून विचारते त्याला कारण आहे. हे गेल्यावर खालच्या मजल्यावरचा जुना किरायेदार काढायला मी याच कोर्टाचे उंबरठे झिजवलेत. 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे मध्यप्रदेशचा किरायेदारीचा जुना कायदा, मला जपाच्या माळेसारखा पाठ आहे. कलम 12 मधलं एखादं कारण सिद्ध केल्याशिवाय माणूस हलत नाही. घर स्वतःला हवं असेल तर विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशांना 23-ए ची वेगळी वाट आहे, हे वकीलसाहेबांना आठवायला दीड वर्ष लागलं!

मेसेजमधला कायदा म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळानं 2 जून 2021 ला मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा. तो नमुना आहे. राज्यानं आपला कायदा केला की मग तो तिथे चालतो. उत्तर प्रदेशनं त्याच वर्षी केला. दिल्लीत मंजूर झालं म्हणून इंदूरच्या आंटीजी लगेच फसत नाहीत.

आणि डिपॉझिटची भीती आम्हाला कशाला? घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे त्यात, दुकानाला सहा. बंगलोरला दहा-दहा महिन्यांचं मागायची रीत होती, त्यांनी घाबरावं. घरमालकाच्या खऱ्या कामाच्या गोष्टी त्या मुलाच्या मेसेजमध्ये नव्हत्याच. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं, पुढे चौपट. खालच्या किरायेदाराच्या वेळी हे असतं तर! उलट बाजूनं, किराया वाढवायचा तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, आणि खोलीत डोकावायचं तर चोवीस तास आधी. गच्चीवर वाळवण बघायला जाता जाता मी वरच्यांकडे सहज शिरते, ते बंद झालं म्हणायचं. करार दोन महिन्यांच्या आत भाडे प्राधिकरणाला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचा, मग तो कितीही मुदतीचा असो. म्हणजे वर्षाच्या आतला करार रजिस्टर करावा लागत नाही म्हणून आपण अकरा महिन्यांचा करतो, त्यातली अर्धी गंमत गेली.

मला सगळ्यात आवडली ती दुरुस्त्यांची यादी. रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, स्विच, तुंबलेली मोरी किरायेदाराकडे. मागच्या किरायेदाराशी एका वॉशरवरून माझी आठ महिने बोलाचाली बंद होती. कायदा इथे लागू असो-नसो, दोघांना पटलं तर ही यादी करारात घालायला कोण अडवतंय? घातली. तीनशे दिले.

घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर कलम 9: "शटर की मरम्मत किरायेदार स्वयं करायेगा." माझ्या दोन खोल्यांना शटर! कुठल्या तरी गोदामाचा करार उघडून वर आमची नावं टाकली होती. पोलिसांच्या फॉर्मवर अजून भादंवि 188, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याचं जुनं कलम, छापलेलं. 1 जुलै 2024 पासून ते न्याय संहितेचं 223 झालंय, हे कोर्टाच्या दारात दुकान मांडून बसलेल्याला ठाऊक नसावं?

दुसऱ्या दिवशी परत गेले. पैसे न घेता दुरुस्त करून दिलं, नोटरीसाठी मात्र दीड तास थांबवलं. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा आणि प्रत्येक पान तिथेच वाचा. गाडी लांब लावावी लागते.

शटर काढून टाकलं तेव्हा बुऱ्हाणपूरची सून म्हणाली, "काकू, ते राहू दिलं असतं तर दुरुस्त करायला काही नव्हतंच आम्हाला." हुशार आहे. किराया वेळेवर देईल असं वाटतंय.